डार्विन–बान्यूवांगी केबल

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील पामर्स्टन (सध्याचे डार्विन) हे लहानसे गाव आणि जावा बेटाच्या पूर्व टोकावरील बान्यूवांगी हे बंदर यांना जोडणारी सागरी तारायंत्र केबल. ती नोव्हेंबर १८७१ मध्ये टाकण्यात आली. जावा तेव्हा डच ईस्ट इंडीजचा भाग होते. आज ते इंडोनेशियात मोडते. सु. २,००० किमी. लांबीच्या या केबलमुळे ऑस्ट्रेलिया खंड प्रथमच जगाच्या तारायंत्र जाळ्याशी जोडले गेले. यूरोपातील वार्ता तेथे पोहोचण्यास पूर्वी आठवडे लागत. ते काम १८७२ च्या अखेरीपासून काही तासांत होऊ लागले. संपूर्ण खंडाचा बाह्य जगाशी असलेला तातडीचा संपर्क एकाच तारेवर अवलंबून ठेवल्यास कोणत्या अडचणी उद्‌भवतात, हेही या केबलच्या इतिहासावरून दिसून येते.

स्थान : डार्विन बंदराचा शोध बीगल या जहाजावरील अधिकाऱ्यांनी १८३९ मध्ये लावला व निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे नाव त्यास दिले. हा प्रदेश लारॅकिया या आदिवासी लोकांचा होय. नॉर्दर्न टेरिटरी हा विस्तीर्ण भाग १८६३ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतीच्या ताब्यात देण्यात आला आणि १८६९ मध्ये सर्वेक्षण-प्रमुख जॉर्ज गॉइडर यांनी तेथे पामर्स्टन गावाची आखणी केली. केबल आली त्या वेळी गावाची यूरोपीय वस्ती जेमतेम काहीशे होती आणि वसाहतीची राजधानी ॲडिलेड तेथून भूमार्गाने सु. ३,२०० किमी. दूर होती. १९११ मध्ये हा प्रदेश ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य शासनाकडे गेला व गावाचे नाव डार्विन असे झाले. दुसऱ्या टोकाचे बान्यूवांगी हे बाली सामुद्रधुनीवरील जुने बंदर आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘सुगंधी पाणी’ असा होतो.

पार्श्वभूमी : डोव्हर व कॅले यांच्यामधील केबल १८५१ मध्ये यशस्वी झाल्यावर सागरी तारायंत्राचा प्रसार झपाट्याने झाला. अटलांटिक महासागरातून कायमची केबल १८६६ मध्ये टाकली गेली. मुंबई व एडन यांमधील केबल टाकण्याचे काम ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने १८७० मध्ये केले. त्याच वर्षी एडन–सुएझ, माल्टा व जिब्राल्टर हे टप्पे पुरे होऊन मुंबई व लंडन यांच्यात मुख्यतः सागरी केबलींचा मार्ग तयार झाला. मुंबईहून मद्रासपर्यंत संदेश भारत सरकारच्या जमिनीवरील तारांनी जात. मद्रासहून पेनांग व सिंगापूर येथवरची केबल १८७१ च्या आरंभी सुरू झाली. सिंगापूरहून बटाव्हिया (जाकार्ता) येथे केबल पोहोचली होती आणि बटाव्हियापासून बान्यूवांगीपर्यंत डच शासनाचा तारमार्ग होता. अशा रीतीने ऑस्ट्रेलियाचा लंडनशी चालणारा तारव्यवहार पुढे मुंबई व मद्रास येथूनच होऊ लागला.

ही साखळी जोडली जाण्यापूर्वी ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रे व व्यापारी आगबोटींवर विसंबून असत. यूरोपातील तातडीच्या बातम्या तारेने श्रीलंकेतील गॉल बंदरापर्यंत येत आणि तेथून टपालाच्या आगबोटीने वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील ऑल्बनी येथे पोहोचत. लोकर, गहू व सोने यांची निर्यात करणाऱ्या वसाहतींना लंडनच्या बाजारातील भाव त्यामुळे फार उशिरा कळत.

करार : जावापासून ऑस्ट्रेलियापर्यंत केबल नेण्यासाठी ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन टेलिग्राफ कंपनी १८७० मध्ये स्थापन झाली. केबल उद्योगातील प्रमुख भांडवलदार जॉन पेंडर हे या उपक्रमामागे होते. पामर्स्टन येथे केबल किनाऱ्याला लावून तेथून क्वीन्सलँडच्या तारमार्गाला जोडावी, असा एक विचार पुढे आला होता. साउथ ऑस्ट्रेलियाच्या शासनाने त्याऐवजी पोर्ट ऑगस्टापासून पामर्स्टनपर्यंतचा संपूर्ण तारमार्ग स्वखर्चाने बांधण्याची तयारी दर्शविली. हा मार्ग १८७१ अखेर पूर्ण करावयाचा आणि विलंब झाल्यास दंड द्यावयाचा, अशी अट होती. खंडाच्या मध्यातून उत्तर किनाऱ्यापर्यंत जाऊन परत येण्यात जॉन मॅक्‌डूअल स्ट्यूअर्ट हे समन्वेषक १८६२ मध्ये यशस्वी झाले होते. तारमार्गाची आखणी साधारणपणे त्यांच्याच वाटेने करण्यात आली.

केबलची रचना : त्या काळातील सागरी केबलीच्या केंद्रभागी तांब्याच्या पिळलेल्या तारांचा संवाहक असे. त्यावर गटापर्चाचे थर देत. गटापर्चा हा मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथील पॅलाक्वियम प्रजातीच्या वृक्षांचा चीक होय. तो गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाल्यावर घट्ट बसतो आणि समुद्राच्या पाण्यात व दाबाखाली दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे विद्युत् निरोधनासाठी तो अत्यंत उपयुक्त ठरला. मात्र चीक काढण्यासाठी वृक्षच तोडले जात असल्याने आग्नेय आशियातील कित्येक वने उजाड झाली. गटापर्चाभोवती तागाचे वेष्टन व त्याबाहेर लोखंडी तारांचे चिलखत असे. खोल समुद्रात हे चिलखत हलके असले तरी चालते. किनाऱ्याजवळ लाटा, खडक व जहाजांचे नांगर यांपासून रक्षण होण्यासाठी ते बरेच जाड करावे लागते.

केबलीतून संकेत किती वेगाने पाठविता येतील याचे गणित विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५४–५५ मध्ये मांडले. समुद्रातील केबल ही एखाद्या लांबट विद्युत् धारित्रासारखी वागते. संवाहकाचा विद्युत् रोध व केबलीची धारणा या दोन्ही गोष्टी लांबीच्या प्रमाणात वाढतात. म्हणून संकेत पसरट होण्यास लागणारा काल लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट केल्यास संदेशाचा वेग सु. एक चतुर्थांश होतो. लांबच्या मार्गाचे टप्पे पाडण्यामागे भौगोलिक सोयीखेरीज हेही कारण होते. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी कर्मचारी संदेश उतरवून घेत व पुढील तारेवर हाताने पुन्हा पाठवीत. क्षीण संकेत ओळखण्यासाठी टॉमसन यांनीच प्रथम आरशाचा गॅल्व्हानोमीटर व नंतर सायफन रेकॉर्डर ही उपकरणे तयार केली. पहिल्यात प्रकाशाचा ठिपका डावीकडे वा उजवीकडे सरकताना पाहून अक्षरे ओळखावी लागत. दुसऱ्यात बारीक काचनळीतून येणारी शाई सरकत्या कागदी पट्टीवर नागमोडी रेषा काढी व त्यामुळे संदेशाची कायम नोंद राहत असे.

केबल टाकण्याचे काम : केबल वाहून आणण्यासाठी हायबर्निया, एडिंबरो व इन्व्हेस्टिगेटर ही जहाजे योजण्यात आली. ७ नोव्हेंबर १८७१ रोजी केबलीचे टोक डार्विन बंदरात किनाऱ्यास लावण्यात आले व त्याच महिन्यात बान्यूवांगीपर्यंतचे काम पुरे झाले. या मार्गाचा ऑस्ट्रेलियाकडील भाग तिमोर समुद्राच्या उथळ तळावरून जातो, पुढे खोल समुद्र लागतो आणि अखेरीस बाली सामुद्रधुनीतील जोरदार प्रवाह ओलांडावे लागतात. एकाच केबलीला अशा तीन भिन्न परिस्थितींत टिकून राहावयाचे होते.

यातून एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. पामर्स्टनच्या मूठभर रहिवाशांना लंडनची वार्ता तारेने मिळू लागली. पण ती स्वतःच्या राजधानीस कळविण्याचे त्यांच्यापाशी जहाजाखेरीज साधन नव्हते. समुद्रतळावरील दुवा वेळेत तयार झाला होता; जमिनीवरील दुवा अपुरा होता.

भूमार्गाची पूर्तता : भूमार्गाचे काम साउथ ऑस्ट्रेलियाचे टपाल व तार प्रमुख चार्ल्स टॉड (१८२६–१९१०) यांच्या देखरेखीखाली तीन विभागांत चालू होते. पामर्स्टन येथे पहिला खांब १५ सप्टेंबर १८७० रोजी उभारला गेला. दक्षिणेकडील व मध्य विभागांचे काम बऱ्यापैकी वेळेत झाले. उत्तर विभागात मात्र पावसाळ्याने पूर आले, गाड्या चिखलात रुतल्या, अन्नसामग्री अडकली व काम ठप्प झाले. संपूर्ण मार्गासाठी सु. ३६,००० खांब लागले. उत्तरेकडील लाकडी खांब वाळवी पोखरू लागल्याने त्यांच्या जागी पुढे लोखंडी खांब बसवावे लागले. संकेतांचे पुनःप्रेषण करण्यासाठी ॲलिस स्प्रिंग्ज, बॅरो क्रीक, टेनंट क्रीक, डेली वॉटर्स, कॅथरिन इ. ठिकाणी ठाणी उभारण्यात आली. विद्युत् घटमाला सांभाळणे, तारेची देखभाल करणे व प्रत्येक संदेश पुढे धाडणे ही कामे तेथील मोजके कर्मचारी करीत.

ही ठाणी बहुधा पाणवठ्यांच्या जागीच वसविली गेली. कोरड्या प्रदेशात आदिवासींचे जीवन त्याच पाणवठ्यांवर अवलंबून असल्याने संघर्ष अटळ झाला. फेब्रुवारी १८७४ मध्ये केटेट्ये लोकांनी बॅरो क्रीक ठाण्यावर हल्ला केला. त्यात दोन कर्मचारी मृत्यू पावले. त्यानंतर पाठविलेल्या तुकड्यांनी सूड म्हणून अनेक आदिवासींना ठार मारले. तारमार्गाच्या यशाची नोंद घेताना त्याची ही किंमतही विचारात घ्यावी लागते.

भूमार्गाची मुदत टळून गेल्यावर कंपनीने हानीबद्दल तक्रार केली. अपुऱ्या राहिलेल्या भागात घोडेस्वारांकरवी संदेश नेण्याची तात्पुरती व्यवस्था करण्यात आली व जून १८७२ मध्ये पहिले संदेश अशा रीतीने ॲडिलेडला पोहोचले. परंतु त्याच महिन्यात सागरी केबलच तुटली आणि त्यामुळे विलंबाचा दोष एकट्या शासनाकडे राहिला नाही. २२ ऑगस्ट १८७२ रोजी फ्र्यूज पाँड्स येथे तारेची दोन टोके जोडून भूमार्ग पूर्ण झाला. केबलीची दुरुस्ती ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झाली आणि तेव्हापासून ॲडिलेड व लंडन यांच्यात अखंड तारसंपर्क सुरू झाला. १८७६ मध्ये सिडनीजवळील ला पेरूझ येथून न्यूझीलंडपर्यंत केबल गेल्याने तो देशही याच साखळीत आला. या दोन्ही देशांचा जगाशी असलेला तारव्यवहार आता पामर्स्टनच्या एका टेबलावरून जात होता.

दर व उपयोग : प्रारंभी वीस शब्दांच्या संदेशास नऊ पौंडांहून अधिक आकार पडे. सामान्य माणसास तो परवडणारा नव्हता. व्यापारी पेढ्या सांकेतिक शब्दांचे कोश वापरीत. त्यांतील एका शब्दात संपूर्ण वाक्याचा अर्थ सामावलेला असे. वृत्तपत्रे खर्च वाटून घेण्यासाठी एकत्र येत आणि केबलीने आलेल्या मोजक्या शब्दांवरून संपादक सविस्तर मजकूर तयार करीत. १८७३ मध्ये ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन व अन्य दोन कंपन्या मिळून ईस्टर्न एक्स्टेन्शन ऑस्ट्रेलेशिया अँड चायना टेलिग्राफ कंपनी अस्तित्वात आली. या मार्गावर तिची जवळजवळ मक्तेदारी असल्याने दर दीर्घकाळ चढे राहिले. १८९१ मध्ये वसाहतींनी कंपनीच्या उत्पन्नातील तुटीचा भार उचलण्याचे मान्य केले, तेव्हा एका शब्दाचा दर ९ शिलिंग ४ पेन्सांवरून ४ शिलिंगांवर आला.

दोष व दुरुस्ती : उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात केबलीस अनेक शत्रू असतात. प्रवाहामुळे ती प्रवाळ-खडकांवर घासते. टेरेडो हा लाकूड पोखरणारा मृदुकाय प्राणी चिलखताच्या फटींतून शिरून ताग व गटापर्चा पोखरतो. असे एक सूक्ष्म छिद्रही समुद्राचे पाणी तांब्यापर्यंत पोहोचण्यास पुरेसे असते. यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उथळ पाण्यातील केबलींच्या गाभ्याभोवती पितळेची पातळ पट्टी गुंडाळण्याची पद्धत रूढ झाली.

केबल नेमकी कोठे बिघडली हे किनाऱ्यावरून मोजता येते. संवाहकाचा दर सागरी मैलामागील विद्युत् रोध आधीच ठाऊक असतो. दोषस्थानी संवाहकाचा समुद्राच्या पाण्याशी संपर्क झालेला असल्याने किनारा व दोषस्थान यांमधील रोध मोजून अंतर काढतात. दोन्ही टोकांकडून मापन केल्यास उत्तराची अचूकता वाढते. त्यानंतर दुरुस्तीचे जहाज त्या ठिकाणी जाऊन आकड्यांनी केबल वर ओढते, खराब भाग कापते व नवा तुकडा सांधते. जहाज दूरच्या बंदरात असेल किंवा हवामान प्रतिकूल असेल, तर या कामास अनेक आठवडे लागत.

वारंवार पडणाऱ्या खंडांमुळे वसाहतींनी दुसऱ्या केबलीचा आग्रह धरला. कंपनीस वार्षिक ३२,४०० पौंडांचे अनुदान देण्याचे ठरले आणि १८८० मध्ये डार्विन बंदर व बान्यूवांगी यांच्यामध्ये दुसरी केबल कार्यान्वित झाली. एका तारेतील बिघाडाच्या वेळी ती उपयोगी पडली. पण तिची दोन्ही टोके पहिलीच्याच ठिकाणी असल्याने तिलाही तेच धोके होते. १८८८ मध्ये दोन्ही केबली एकाच सुमारास तुटल्या. समुद्रतळावरील ज्वालामुखीय हालचाल हे त्याचे कारण मानले गेले. ऑस्ट्रेलियात मात्र कारण कळण्यास मार्ग नव्हता. शत्रूने युद्धाच्या आरंभी केबली कापल्या असाव्यात अशी भीती पसरली व लष्करी सज्जतेची हालचाल सुरू झाली. तारा दोन असल्या, तरी मार्ग एकच होता हे त्यावरून स्पष्ट झाले.

ब्रूम केबल : या अनुभवानंतर १८८९ मध्ये बान्यूवांगीहून तिसरी केबल वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे नेण्यात आली. ब्रूम हे १८८३ मध्ये वसविलेले, मोती व शिंपले काढण्याच्या व्यवसायावर जगणारे छोटे किनारी गाव होते. दोन्ही ठिकाणांमधील सरळ अंतर सु. १,४०० किमी. असून ब्रूमहून पुढे पर्थमार्गे ॲडिलेडशी संपर्क साधता येई. पर्थ–ॲडिलेड तारमार्ग १८७७ मध्येच तयार झाला होता. त्यामुळे मध्य ऑस्ट्रेलियातील लांबलचक भूमार्ग बंद पडला, तरी संदेशांना दुसरी वाट मिळाली. मात्र बान्यूवांगीचे टोक तिन्ही केबलींना समान राहिले. ब्रूमची केबल १९१४ मध्ये बंद करण्यात आली. केबल कार्यालयाची इमारत पुढे न्यायालयासाठी वापरात आली. ब्रूमचा प्रसिद्ध समुद्रकिनारा ‘केबल बीच’ या नावाने ओळखला जातो, तो या केबलीमुळेच.

गावावरील परिणाम : केबल आली म्हणून पामर्स्टन हे मोठे बंदर झाले नाही. तरीही केबलीने त्यास अस्तित्वाचे एक निश्चित कारण दिले. शासकीय तारायंत्र कर्मचारी व कंपनीचे कर्मचारी मिळून गावातील एक प्रतिष्ठित वर्ग निर्माण झाला. तारमार्गाच्या खांबांसाठी खड्डे खणताना सोने आढळल्याने १८७२ पासून पाइन क्रीकच्या परिसरात लोकांचा ओघ सुरू झाला. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी १९२५ मध्ये बांधलेली दगडी वास्तू ‘लायन्स कॉटेज’ या नावाने डार्विनमध्ये आजही उभी आहे.

महत्त्वाचा ऱ्हास : विसाव्या शतकाच्या आरंभी खऱ्या अर्थाने स्वतंत्र मार्ग निर्माण झाले. दक्षिण आफ्रिकेतून मॉरिशस व कोकोस बेटांमार्गे पर्थजवळ येणारी केबल १९०१ मध्ये आणि कॅनडापासून पॅसिफिक महासागर ओलांडून क्वीन्सलँडला येणारी केबल १९०२ मध्ये सुरू झाली. पॅसिफिक केबल शासनांच्या मालकीची असल्याने खाजगी मक्तेदारीस आळा बसला. पुढे लघुतरंग रेडिओ संदेशवहनाची स्पर्धा वाढली. दुसऱ्या महायुद्धात १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी डार्विनवर केलेल्या बाँबहल्ल्यात टपाल व तार कार्यालय उद्ध्वस्त होऊन तेथील अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. पुढील महिन्यात जावा जपानच्या ताब्यात गेल्यावर या मार्गाने दोस्तराष्ट्रांचे संदेश पाठविणे शक्यच राहिले नाही.

आधुनिक दुवे : प्रकाशीय तंतूंच्या केबलींनी या भागातील सागरी संपर्काचे पुनरुज्जीवन केले. १९९७ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील पोर्ट हेडलंड या बंदरापासून जाकार्तापर्यंत अशी केबल कार्यान्वित झाली. २०१८ मध्ये पर्थ, इंडोनेशिया व सिंगापूर यांना जोडणारी केबल सुरू झाली. २०२३ मध्ये तिला पोर्ट हेडलंडमार्गे डार्विनच्या केबलीशी जोडण्यात आले व डार्विन पुन्हा जावाच्या दिशेने जोडले गेले. तांब्याच्या एका तारेतून मिनिटाला मोजकेच शब्द जात. काचेच्या केसासारख्या तंतूंतून आता अफाट माहिती वाहते. तथापि केबलीवर आघात करणारे नांगर, भूकंप व ज्वालामुखी पूर्वीचेच आहेत. म्हणून आधुनिक जाळ्यांची आखणी करतानाही केबलींच्या संख्येबरोबर त्यांचे मार्ग व त्यांची किनाऱ्यावरील टोके परस्परांपासून किती दूर आहेत, याला महत्त्व दिले जाते. डार्विन–बान्यूवांगी मार्गावर १८८८ मध्ये आलेला अनुभव त्या दृष्टीने आजही उद्‌बोधक आहे.